उघड्या टपाची मोटार

पाडव्याला वाहन घरी आणावे, त्याच्या चाकाखाली लिंबू ठेवावे, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढावे आणि पहिली फेरी देवळापर्यंत मारावी, ही चाल महाराष्ट्रात आता चांगलीच रुजली आहे. सायकलीपासून ट्रॅक्टरपर्यंत सर्व वाहनांना हा मान मिळतो आणि तो मिळावाही. कारण बहुतेक घरांत वाहन येते ते कित्येक वर्षांच्या काटकसरीनंतर, आणि आल्यावर ते घराचे कोणते ना कोणते काम करते. या रांगेत अलीकडे एक निराळे वाहन येऊन उभे राहिले आहे. त्याला टप असतो, पण बटण दाबताच तो पंधरा सेकंदांत घडी होऊन पाठीमागे नाहीसा होतो. त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात असतो आणि किंमत कोटींत. एखाद्या नटाने किंवा उद्योगपतीच्या चिरंजीवांनी असे वाहन घेतले की आपली वृत्तपत्रे छायाचित्रासह 'स्वप्नपूर्ती'ची बातमी देतात, आणि ज्यांचा त्या वाहनाशी सुतराम संबंध नाही असे लोकही अभिनंदन करायला धावतात. त्या अभिनंदनात सामील होण्याची माझी तयारी नाही. का नाही, एवढेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मी वैराग्याचा पुरस्कर्ता नाही. उत्तम यंत्र हे माणसाच्या बुद्धीचे मोठे लेणे आहे, आणि ज्याला चांगल्या इंजिनाचा आवाज ऐकून आनंद होत नाही तो माणूस अरसिक म्हटला पाहिजे. वाऱ्याची ओढही खोटी नाही. बैलगाडीच्या साटीवर बसून चांदण्यातून केलेला प्रवास ज्यांना आठवतो, त्यांना उघड्या वाहनाचे सुख कोणी शिकवायला नको. तेव्हा 'श्रीमंतांनी मौज का करावी?' असा भाबडा प्रश्न मी विचारीत नाही. ही मौज नेमकी कसली आहे, आणि तिचे पैसे खरोखर कोण भरतो, हे माझे दोन प्रश्न आहेत.

उदाहरणादाखल एक गाडी घेऊ. मर्सिडीज-एएमजी एसएल ५५ ही उघड्या टपाची गाडी जून २०२३ मध्ये भारतात विक्रीला आली तेव्हा तिची शोरूममधील किंमत २ कोटी ३५ लाख रुपये होती. चार लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन, पावणेपाचशे अश्वशक्ती, उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग ३.९ सेकंदांत, आणि कमाल वेग ताशी २९५ किलोमीटर. आकडे डोळे दिपवणारे आहेत. मात्र डोळे दिपले तरी बुद्धीने आपले काम थांबवू नये.

मोटारीचा टप म्हणजे निव्वळ छत्री नव्हे. पुठ्ठ्याच्या खोक्याला झाकण घट्ट बसवलेले असते तेव्हा ते पिळवटत नाही; झाकण काढून घ्या, तेच खोके दोन हातांनी सहज पिळता येते. मोटारीचेही तसेच आहे. टप काढला की सांगाड्याचा ताठपणा कमी होतो. तो भरून काढण्यासाठी तळाला आणि बाजूंना जादा मजबुती द्यावी लागते. वर टप उचलणाऱ्या मोटारी, बिजागऱ्या आणि उलटल्यास डोके वाचवणारी साधने बसवावी लागतात. त्यामुळे उघड्या टपाची गाडी तिच्याच बंद बहिणीपेक्षा सामान्यतः जड आणि कमी ताठ होते. निखळ वेगाचा रसिक असेल तो बंद गाडीच निवडील. म्हणजे 'वेगवान' आणि 'उघडी' ही दोन विशेषणे एकमेकांच्या पायात पाय घालणारी आहेत.

बरे, वेग थोडा बाजूला ठेवू. तो वापरायचा कोठे? मुंबई–पुणे द्रुतगती महामार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. तेथे मोटारीला सपाटीवर ताशी १०० आणि घाटात ६० किलोमीटरची मर्यादा आहे. मुंबईच्या किनारी रस्त्यावर सरळ भागात ८० आणि बोगद्यात ६०. याचा अर्थ असा, की विकत घेतलेल्या वेगाचा जवळजवळ दोन तृतीयांश हिस्सा सार्वजनिक रस्त्यावर वापरणे हा गुन्हा आहे. न वापरला तर तो पैसा वाया गेला आणि वापरला तर कायदा मोडला, अशी ही खरेदी. शर्यतीचे रस्ते देशात आहेत. ग्रेटर नोएडाला आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आहे, कोइम्बतूरला आहे. पण ज्यांनी अशा गाड्या घेतल्या त्यांतले किती लोक तेथे जाऊन आपली हौस भागवतात? तेथे वेग असतो, पण प्रेक्षक नसतात.

राहिला वारा. कोकणकिनाऱ्यावर वर्षाचे चार महिने पाऊस. मुंबईत तो दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. मार्चपासून मेअखेर डोक्यावर ऊन. उरलेल्या महिन्यांत पुढच्या टँकरचा धूर, पुलाच्या बांधकामाचा सिमेंटी धुरळा आणि चौकाचौकांतला भोंग्यांचा गजर. जर्मनीतील किंवा इंग्लंडमधील माणूस वर्षभर ढगांखाली कोंडलेला असतो. चार दिवस ऊन पडले की त्याला टप उघडावासा वाटतो, हे समजण्यासारखे आहे. आपल्याकडे सावलीसाठी माणसे झाडे लावतात, पाणपोया घालतात, देवळाला मंडप घालतात. १८८६ साली कार्ल बेन्झने पेटंट घेतलेल्या तीनचाकीला टप नव्हता. पुढे १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत बंद गाड्यांनी उघड्यांना मागे टाकले, कारण लोकांना ऊन, पाऊस आणि धूळ नको होती. टप ही प्रगती होती. ती प्रगती दोन कोटी रुपये देऊन परत करायची, याला काहीतरी वेगळे कारण असले पाहिजे.

ते कारण उघड आहे. ही गाडी वेगासाठी नाही, कारण वेगाला ती दुय्यम. वाऱ्यासाठी नाही, कारण वारा घेण्याजोगा नाही. टप उघडला की आतल्या माणसाला आभाळ दिसते हे खरे; पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे आतला माणूस बाहेरच्यांना दिसतो. बंद गाडीत श्रीमंती दिसते, श्रीमंत दिसत नाही. ही अडचण उघड्या टपाने दूर होते.

दिसण्याची हौस वाईट का? मी ती वाईट म्हणत नाही. आपल्या परंपरेत उघड्या वाहनाला फार मोठा मान आहे. देवाची पालखी उघडी असते, रथ उघडा असतो, नवरदेव घोड्यावर उघडा बसतो. पण तेथे कोण दिसावे हे गाव ठरवते. पालखीतल्या देवाला गावाने खांदा दिलेला असतो. ४ जुलै २०२४ रोजी विश्वचषक जिंकून आलेला क्रिकेटचा संघ नरिमन पॉइंटपासून वानखेडेपर्यंत उघड्या बसमधून गेला, तेव्हा मरीन ड्राइव्हवर माणसांचा समुद्र लोटला होता. त्या खेळाडूंना लोकांनी वर बसवले होते. त्या बसचा टप कर्तृत्वाने उघडला होता. कर्जाच्या हप्त्याने उघडलेल्या टपाला तोच मान मागणे म्हणजे स्वतःची पालखी स्वतःच काढणे होय.

आणि याच मुंबईत सामान्य माणसासाठीही एक उघड्या टपाचे वाहन होते. दीडदोनशे रुपयांच्या तिकिटात वरच्या मजल्यावर बसून गेटवेपासून शहराचे दिवे पाहता येत. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी बेस्टच्या त्या जुन्या उघड्या डबलडेकरने शेवटची फेरी केली. तिच्या निरोपाला छायाचित्रे निघाली, हळहळ झाली, आणि विषय संपला. बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे मे २०२५ मध्ये ५ रुपयांवरून १० रुपये झाले. ज्या किनारी रस्त्याच्या पहिल्या टप्प्यावर जवळजवळ १४ हजार कोटी रुपये सार्वजनिक पैसा खर्च झाला, त्या रस्त्यावर दुचाकीला आणि रिक्षाला मज्जाव आहे. शहराने कोणासाठी वाट मोकळी केली हे यावरून ज्याने त्याने ओळखावे.

येथे पहिला आक्षेप येतो: 'पैसा त्यांचा, हौस त्यांची; तुमच्या खिशातून काय गेले?' या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देता येते, म्हणून ते आकड्यांतच देतो. महाराष्ट्रात साधी मोटारसायकल घेणारा तिच्या किमतीच्या १० ते १२ टक्के वाहनकर भरतो. दुधाचे कॅन वाहणाऱ्या पोरालाही यातून सूट नाही. महागड्या मोटारीचा दर कागदावर याहून अधिक आहे. पेट्रोलच्या २० लाखांवरील गाडीला तो १३ टक्के. मात्र या कराला वर एक झाकण बसवलेले आहे. २०२५ पर्यंत कोणत्याही मोटारीचा कर २० लाख रुपयांच्या पलीकडे जात नसे. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाने ही मर्यादा ३० लाखांवर नेली. आता पाच कोटींची गाडी घ्या. जुन्या मर्यादेने तिला ४ टक्के कर पडत होता. नव्या मर्यादेने ६ टक्के. दहा कोटींची घेतली तर ३ टक्के. म्हणजे या राज्यात गाडी जितकी महाग, तितका तिचा करभार हलका; आणि लाखभर रुपयांच्या फटफटीवाल्याचा टक्का पाच कोटींच्या मालकाच्या टक्क्याच्या जवळजवळ दुप्पट. टप गाडीचा उघडतो. कराचा मात्र बंद राहतो.

हे एवढ्यावरच थांबत नाही. अशा गाड्यांपैकी कितीतरी कंपनीच्या नावावर घेतल्या जातात. कंपनीची गाडी धंद्यासाठी वापरली असे दाखवले, की किमतीवर दरसाल १५ टक्के घसारा उत्पन्नातून वजा होतो. पाच कोटींच्या गाडीवर पहिल्या पूर्ण वर्षाचा घसारा ७५ लाख, दुसऱ्या वर्षाचा पावणेचौसष्ट लाख. कंपनीच्या कराचा दर २५ टक्के धरला तर दोन वर्षांत सुमारे ३४ लाख ६९ हजार रुपयांचा कर वाचतो. राज्याने जास्तीत जास्त ३० लाख घेतले होते. केंद्राने त्याहून अधिक दोन वर्षांत सोडले. याला 'स्वतःचा पैसा' म्हणायचे असेल तर 'स्वतः' या शब्दाची व्याख्या बदलावी लागेल. दोन मोठ्या आणि दोन नावापुरत्या आसनांच्या, सामानाला जेमतेम जागा असलेल्या गाडीतून कोणता धंदा चालतो, हेही कोणीतरी एकदा समजावून सांगावे.

आणि ही अडचण आपल्या कायदेकर्त्यांना पूर्वी कधी सुचली नव्हती असेही नाही. २८ फेब्रुवारी १९७५ नंतर घेतलेल्या परदेशी बनावटीच्या मोटारीवर घसाऱ्याची वजावट मिळणार नाही, असा निर्बंध आपल्या आयकर कायद्यात होता. पर्यटकांना भाड्याने देण्याच्या गाड्यांसारखे मोजके अपवाद होते. १ एप्रिल २००१ पासून घेतलेल्या गाड्यांना तो निर्बंध राहिला नाही. जी गोष्ट पंचवीस वर्षे अन्यायाची मानली गेली नव्हती, ती एकाएकी अन्यायाची कशी ठरली?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि त्याला न्याय दिला पाहिजे. 'परदेशातून संपूर्ण बनून येणाऱ्या महागड्या गाडीवर ११० टक्के आयातशुल्क असते, त्यावर जीएसटी असतो; खरेदीदार गाडीच्या मूळ किमतीहून अधिक रक्कम सरकारला देतो; अजून काय हवे?' हे खरे आहे. हा पैसा मोठा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण वारे कोणत्या दिशेने वाहत आहेत तेही पाहावे. मोठ्या गाड्यांवरचा, उपकरासह ५० टक्क्यांपर्यंत जाणारा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये ४० टक्के झाला. त्याच वेळी साध्या दुचाकीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि तो यायलाच हवा होता. त्याबद्दल तक्रार नाही. पण जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापारकरारात तेथील मोटारींवरचे शुल्क ठराविक संख्येपुरते टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरवण्याचे ठरले आहे. ब्रिटनहून येणाऱ्या मोटारी कोणत्या, हे सांगायला नको. तेथून कोणी रिक्षा पाठवीत नाही. तेव्हा 'आम्ही भरपूर शुल्क देतो' हा युक्तिवाद करणाऱ्यांनी तो घाईने करून घ्यावा. त्याची मुदत संपत आली आहे. शिवाय आयातशुल्क हा वस्तू देशात आणण्याचा कर आहे. राज्याचा वाहनकर हा रस्ता वापरण्याचा आहे. एका दारावर पैसे दिले म्हणून दुसऱ्या दारातून फुकट जाता येत नाही.

'यातून रोजगार निर्माण होतो,' हा तिसरा आक्षेप. चाकणच्या कारखान्यात मर्सिडीजच्या बंद गाड्या जोडल्या जातात, तेथे आपली माणसे काम करतात, ही चांगली गोष्ट आहे. पण मघाची एसएल ५५ तेथे जोडली जात नाही. ती तयार होऊनच बोटीतून उतरते. तिच्यामुळे चाकणच्या कामगाराच्या डब्यात एक भाकरीही वाढत नाही.

चौथा आक्षेप इतिहासाचा आहे. 'परवान्यांच्या राज्यात आमच्या आजोबांनी फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिली. बजाजच्या स्कूटरसाठीही तेच. आता कुठे दारे उघडली, तर तुम्ही पुन्हा उपदेश करायला उभे!' टंचाई हा सद्गुण नव्हता, हे मी मान्य करतो. वाट पाहायला लावणारी ती व्यवस्था गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण आजोबांनी वाट पाहिली ती चार माणसांचे कुटुंब पावसात न भिजता गावी न्यायला. कुर्ल्याला बनलेली ती फियाट पुढे पद्मिनी झाली, काळी-पिवळी टॅक्सी झाली, आणि ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त होईपर्यंत तिने लाखो परक्या माणसांना घरी पोचवले. त्या गरजेचा वारसा सांगून ही हौस मागणे म्हणजे आजोबांच्या उपासाचे उद्यापन नातवाने मेजवानीने करण्यासारखे आहे.

शेवटचा आक्षेप नेहमी हलक्या आवाजात घेतला जातो: 'हा मत्सर आहे.' असेलही. मत्सराने केलेली बेरीज जर बरोबर येत असेल तर ती बेरीजच राहते. वरचे आकडे मत्सराने बदलत नाहीत.

आता रस्त्याविषयी. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका भरधाव पोर्शे गाडीने मोटारसायकलला धडक दिली आणि दोन तरुण अभियंते, एक मुलगा व एक मुलगी, जागीच गेले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता, असे पोलिसांचे म्हणणे. ती गाडी उघड्या टपाची नव्हती, पण जात तीच. दोषाचा निवाडा न्यायालयाने करायचा. मी फक्त दोन नोंदींकडे लक्ष वेधतो. कोटीहून अधिक किमतीची ती गाडी कायम नोंदणीशिवाय रस्त्यावर होती. विजेवर चालणारी असल्याने तिला वाहनकर माफ होता. भरायचे राहिले होते ते नोंदणीचे १,७५८ रुपये. आणि बालन्याय मंडळाने प्रथम जो जामीन दिला त्याच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता. रस्त्याचे आपण लावलेले मोल या दोन आकड्यांत आले. दोन कोटींच्या मालकाला सतराशे अठ्ठावन्न रुपये भरण्याची घाई वाटत नाही, याचे कारण पैशाची टंचाई असू शकत नाही. रस्ता आपलाच आहे आणि बाकीचे त्यावर पाहुणे आहेत, ही खात्री हे त्याचे कारण आहे.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्याच दिवसांत महाराष्ट्रात उघड्या टपाची हजारो वाहने रस्त्यावर उतरलेली असतात. बीड, जालना, अहिल्यानगर या बाजूंनी ऊसतोडीची बिऱ्हाडे निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, कडबा, शेळी, कोंबड्या, म्हातारी आई आणि कडेवरचे मूल, वर आभाळ. सांगली-कोल्हापूरपर्यंतचा, काहींचा कर्नाटकापर्यंतचा प्रवास. यांनाही वारा लागतो. मालवाहू ट्रॉलीत माणसे नेऊ नयेत असा कायदा आहे आणि तो दर हंगामात हजारदा मोडला जातो, कारण माणसांसाठी बस लावण्याचा खर्च मुकादमाला, कारखान्याला किंवा सरकारला परवडत नाही. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत तो चालवायचा. कोयत्याला धार लावता येते. तो धरणाऱ्या हातांची झीज कोणत्याही कायद्यात घसारा म्हणून वजा होत नाही. टपाशिवाय प्रवास करणे ही आपल्याकडे नवलाई नाही. नवलाई एवढीच की ज्यांना टप हवा आहे त्यांना तो मिळत नाही, आणि ज्यांना मिळाला आहे त्यांनी तो काढून टाकण्यासाठी मोजलेल्या पैशावर सरकार सवलत देते.

तेव्हा माझे म्हणणे कोणाच्या हौसेवर बंदी घाला असे नाही. बंदीने हौस चोरवाटांनी जाते. दुसऱ्या राज्यात नोंदणी करून येथे गाडी फिरवणारे आपण पाहतोच. मागणे साधे आहे. वाहनकराचे झाकण काढावे; फटफटीवाला जो टक्का देतो, निदान तोच टक्का शेवटच्या रुपयापर्यंत कोट्यधीशानेही द्यावा. घसारा गाडीच्या एका वाजवी किमतीपर्यंतच वजा व्हावा. त्यावरची चैन मालकाने स्वतःच्या करभरल्या पैशातून करावी. परराज्यातल्या पाट्या लावून येथे कायमच्या मुक्कामाला आलेल्या गाड्या हुडकाव्यात, आणि कायम नोंदणीशिवाय एकही गाडी विक्रेत्याच्या दारातून रस्त्यावर येऊ नये. यातून जो पैसा जमेल त्यातला पहिला हिस्सा ऊसतोडीच्या बिऱ्हाडांना टप असलेल्या बसमधून नेण्यावर खर्च व्हावा.

एवढे झाल्यावर ज्याला टप उघडायचा असेल त्याने खुशाल उघडावा. मग त्याच्या डोक्यावरचे आभाळ त्याने पूर्ण किंमत देऊन घेतलेले असेल, आणि तो रस्त्याने जाताना दिसला तर मीही त्याला हात करीन.